शाळेत फ्लू पसरू नये म्हणून काय काय करायचं: शिक्षक आणि पालकांसाठी जून ते मार्चचं गाइड

शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला की दोन-चार आठवड्यांत एक मूल खोकायला लागतं, मग त्याच्या बाकावरचं, मग मागच्या बाकावरचं, आणि जुलैच्या शेवटी शेवटी हजेरी घेताना 'गैरहजर, गैरहजर' असंच लिहीत बसावं लागतं. मी प्राथमिकला शिकवते, आरोग्याचं काम पण माझ्याकडेच असतं, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळतं. बहुतेक शाळांत यावर उपाय म्हणजे काय तर गेटवर सॅनिटायझरची बाटली आणि भिंतीवर एक पोस्टर. चुकीचं नाहीये ते, पण फ्लू खरा थांबतो तो आजारी मूल घरी राहिल्याने. आणि आजारी मूल घरी का राहत नाही, तर घरी राहणं त्याला, त्याच्या आईबापाला आणि कधीकधी शिक्षकाला पण महागात पडतं. म्हणून या गाइडमध्ये सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच दिलीये, बाकीचं हात धुणं, खिडक्या वगैरे पण आहे, पण ते दुसऱ्या नंबरवर.

पुण्यातल्या लोकांना २००९ वेगळं सांगायला नको. एच१एन१ म्हणजे आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो त्याचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात झाला, शाळेत जाणारी १४ वर्षांची मुलगी होती. मग शाळा बंद, मॉल-मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क ब्लॅकने. तो व्हायरस नंतर कुठे गेला नाही हं, तो आता दरवर्षी येणाऱ्या सीझनल फ्लूचाच एक भाग झालाय. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ (फ्लूचाच दुसरा प्रकार) वाढला तेव्हा पुदुच्चेरीत पहिली ते आठवीच्या शाळा दहा-अकरा दिवस बंद ठेवल्या होत्या. म्हणजे दरवेळी घाबरून जायचं कारण नाही, पण 'साधा सर्दी-ताप' म्हणून सोडून द्यायचं पण नाही.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा

फ्लूचा व्हायरस शरीरात गेल्यापासून १ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात, साधारण दुसऱ्या दिवशी. आणि मूल आजारी दिसायच्या एक दिवस आधीपासूनच ते दुसऱ्यांना देऊ शकतं, तिथून पुढे ५ ते ७ दिवस, लहान मुलं तर त्याहून जास्त दिवस. सगळ्यात जास्त पसरतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत, जेव्हा ताप असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे गेटवर कपाळाला थर्मामीटर लावून फ्लू गेटवरच अडवू असं कुणी म्हणत असेल तर ते होत नाही, सकाळी सहाला पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल साडेसातला गेटवर एकदम नॉर्मल दाखवतं (आणि असं पाठवतात, सगळ्यांना माहितीये). दुसरं म्हणजे काही मुलांकडून तर लक्षणं दिसायच्या आधीच पसरणार, ते आपल्या हातात नाही, म्हणून हवा आणि हात या दोन गोष्टी रोजच्या रोज लागतात, साथ आल्यावर नाही.

पसरतो कसा तर खोकताना-शिंकताना-बोलताना उडणाऱ्या थेंबांतून, ते साधारण सहा फुटांच्या आत जास्त असतात, आणि बंद खोलीत बारीक कण हवेत तरंगत राहतात. शिवाय टेबल, नळ, दाराची कडी अशा कडक गुळगुळीत जागेवर व्हायरस २४ ते ४८ तास टिकू शकतो. आपल्याकडे दोन सीझन असतात, मोठा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि छोटा जानेवारी ते मार्च. म्हणजे एक घटक चाचणी आणि गणपतीच्या आसपास, आणि दुसरा स्नेहसंमेलन ते वार्षिक परीक्षा. वेळ कशी साधलीये बघा.

पायरी १: मे-जूनमध्येच करून ठेवायची कामं

शाळा सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे दोन चालू मोबाईल नंबर घ्या, दोन म्हणजे दोन, आणि त्यातला एक असा की जो दुपारी फोन उचलेल आणि मुलाला घ्यायला येऊ शकेल, मग ती आजी असो, शेजारची काकू असो. वडिलांचा नंबर घेतलेला असतो आणि ते दिवसभर एमआयडीसीत मशीनवर असतात, फोन लॉकरमध्ये, असा नंबर काही कामाचा नाही.

त्याच फॉर्मवर विचारा की मुलाला दमा आहे का, हृदयाचा त्रास, डायबेटिस, किडनी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), फिट्स असं काही आहे का. या मुलांना फ्लू जड जातो, त्यांच्या आईवडिलांना साथ वाढायला लागली की तुम्ही पहिल्याच दिवशी फोन करणार हे ठरवून ठेवा. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे सिकलसेलचं तर मुद्दाम विचारा.

आता लस. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलतो आणि लसही बदलते. सहा महिन्यांच्या वरच्या जवळपास कुणालाही देता येते. ९ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर दरवर्षी एक. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आपल्याकडे ती पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणजे आयएपी ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी आणि त्यापुढे जोखमीच्या मुलांना घ्यायला सांगते. पण सरकारी मोफत लसीकरणाच्या यादीत ती सगळ्या मुलांसाठी नाहीये, खाजगीत घ्यायची तर खिशाला लागते, त्यामुळे 'सगळ्या मुलांनी लस घ्या' अशी नोटीस काढून मोकळं होऊ नका. ज्यांना जमतं त्यांना सांगा, दमा वगैरे असलेल्यांना आग्रह करा, आणि शिक्षक-सेविका-व्हॅनचे काका यांच्यासाठी संस्थेने किंवा रोटरी-लायन्ससारख्या कुणी खर्च उचलला तर फार चांगलं. गरोदर शिक्षिकांनी तर डॉक्टरांना विचारून घ्याच.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नसतं. चांगल्या वर्षी ४० ते ६० टक्के बचाव होतो, पण झालाच तर हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ कमी येते. आणि मुलांना लस दिली की फायदा घरातल्या म्हाताऱ्यांना पण होतो. जपानमध्ये १९६२ ते १९९४ शाळेतल्या मुलांना फ्लूची लस देण्याचा कार्यक्रम होता, त्या काळात तिथले हिवाळ्यातले ज्येष्ठांचे मृत्यू कमी झाले आणि कार्यक्रम बंद झाल्यावर परत वाढले, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे तर नातवंडं आजी-आजोबांच्या कुशीतच झोपतात.

पायरी २: आजारी मूल घरी राहील असं करणं (इथे वेळ घालवा)

नियम साधा ठेवा, म्हणजे लक्षात राहील. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, किंवा अंगदुखी-थंडी वाजून खोकला सुरू झाला असेल तर शाळेत यायचं नाही. परत कधी यायचं, तर तापाचं औषध न देता २४ तास ताप आला नाही आणि मूल बरं दिसतंय, मग. 'औषध न देता' हे चार वेळा सांगा कारण सगळा घोळ तिथेच होतो. नुसतं नाक गळतंय, मूल खेळतंय, ताप नाही, तर येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात अर्धी शाळा घरी बसेल. खोकला नंतर दोन आठवडे पण रेंगाळतो, तेवढ्यासाठी घरी ठेवायची गरज नसते.

हा नियम सगळ्या शाळांत कुठेतरी लिहिलेला असतोच. मग पाळला का जात नाही? तर शाळेनेच दुसऱ्या हाताने उलटं केलेलं असतं. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस. स्टेजवर बोलावून टाळ्या, सर्टिफिकेट, कंपासपेटी. माझं स्पष्ट मत आहे की हे बक्षीस बंद करा, ज्या मुलाने १०२ ताप अंगावर काढून शाळा गाठली त्याचं कौतुक करून आपण बाकीच्या चाळीस जणांना काय शिकवतोय? द्यायचंच असेल तर 'विनाकारण गैरहजर नाही' असं करा आणि आजारपणाचे दिवस त्यातून वगळा. जपानमध्ये तर हे नियमातच आहे, फ्लू झालेल्या मुलाने लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवस आणि ताप उतरल्यावर २ दिवस (बालवाडीतलं असेल तर ३) होईपर्यंत शाळेत यायचंच नाही, आणि ते दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. आपल्याला एवढं जमणार नाही कदाचित, पण हजेरीपटावर 'आ' असा वेगळा शेरा मारायला काय लागतं.

मग येते चाचणी. 'उद्या घटक चाचणी आहे मॅडम, गोळी देऊन पाठवते' हा फोन प्रत्येक वर्गशिक्षकाने घेतलेला आहे. आधीच जाहीर करून टाका की आजारी असलेल्याची चाचणी नंतर घेतली जाईल, मार्क कापले जाणार नाहीत. पहिली ते आठवीला आकारिक मूल्यमापन असतं, ते वर्गशिक्षकाच्याच हातात असतं, त्यामुळे नंतर घेणं अवघड नाहीये, फक्त दुसरा पेपर काढायचा कंटाळा असतो, तो करावा लागेल. बुडालेल्या अभ्यासाचं पण तसंच, फळ्याचा एक फोटो संध्याकाळी ग्रुपवर टाकला की झालं, आणि ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी एक 'वहीमित्र' ठरवून द्या जो मूल बरं झाल्यावर त्याला आपली वही देईल.

आता सगळ्यात अवघड. आई धुण्याभांड्याला जाते किंवा दोघं मजुरीला, मूल घरी ठेवलं तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि मुलाचं दुपारचं जेवण म्हणजे शाळेतली खिचडी. तिला 'नियम आहे' असं सांगून काही होत नाही, ती उद्या परत पाठवणार. इथे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच बोलून ठेवा, वस्तीतलं कोण मूल सांभाळू शकतं, बचतगटातली कुणी आहे का, अंगणवाडीताई किंवा आशाताई दुपारी डोकावतील का, भावंडाबरोबर आहार डब्यातून घरी देता येईल का ते मुख्याध्यापकांना विचारा. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं निघेल. पण निदान त्या आईवर ओरडू नका, ती निष्काळजी नसते.

आणि शिक्षक! अंगात ताप घेऊन, कपाळाला बाम चोळून, आवाज बसलेला, तरी शिकवतायत आणि स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात काय कामसू आहे. किरकोळ रजा कशासाठी असते मग? मुख्याध्यापकांनी बदली तासांचं वेळापत्रक जुलैच्या आधीच करून ठेवलं तर रजा मागणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

ग्रुपवर टाकायला मेसेज हवा असेल तर असा काहीतरी टाका, कॉपी करा बिनधास्त:

'नमस्कार पालकहो, सध्या तापाची मुलं वाढली आहेत. मुलाला ताप असेल तर कृपया गोळी देऊन शाळेत पाठवू नका. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की पाठवा. आजारपणाची सुट्टी गैरहजेरीत मोजली जाणार नाही, बुडालेली चाचणी नंतर घेऊ, अभ्यास ग्रुपवर येईल. धाप लागली किंवा मूल सुस्त वाटलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. वर्गशिक्षिका.'

मुलाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही. 'अमक्याला स्वाइन फ्लू झालाय' असं एकदा पडलं की त्या मुलाशी महिनाभर कुणी बोलत नाही, आणि पुढच्या वेळी कुठलेच पालक खरं सांगत नाहीत.

पायरी ३: शाळेतच ताप भरला तर

चौथ्या तासाला मूल डोकं बाकावर टेकून बसतं, हात लावला तर चटका. अशा वेळी त्याला मागच्या बाकावर झोपवून ठेवू नका, ऑफिसच्या बाकड्यावर पण नको कारण तिथून सगळी शाळा जाते-येते. एक जागा ठरवून ठेवा, व्हरांड्याचं टोक, लायब्ररी, जिथे खिडकी उघडी आहे आणि एक मोठं माणूस लक्ष ठेवेल. डिजिटल थर्मामीटर, मास्कचं पाकीट, पाणी, एक बादली (उलटी होते मुलांना), टिश्यू किंवा जुने धुतलेले फडके, एवढं त्या कोपऱ्यात असलं की बास. मास्क त्या मुलाला लावा, जमत असेल आणि श्वासाला त्रास नसेल तर, आणि जवळ बसणाऱ्याने पण लावा.

घरी फोन करा. शाळेने स्वतःच्या मनाने गोळी देऊ नये, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि घरी पाठवताना शक्यतो शाळेच्या व्हॅनमधून नको, बारा-पंधरा मुलं कोंबलेल्या व्हॅनमध्ये अर्धा तास म्हणजे वर्गात जे वाचवलं ते तिथे घालवलं.

पायरी ४: हवा खेळती ठेवा, पाऊस असला तरी

फ्लूला सगळ्यात आवडतो तो बंद, गर्दीचा वर्ग, आणि आपल्याकडे तो सीझन येतो नेमका पावसात, जेव्हा झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात. पूर्ण उघडता येत नसेल तर ज्या बाजूने झड येत नाही तिकडच्या खिडक्या उघड्या आणि समोरच्या बाजूचं दार उघडं, म्हणजे आरपार हवा जाते. एकाच बाजूच्या चार खिडक्या उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन जास्त काम करतात. वरचे झरोके असतील तर त्यातली जुनी पुस्तकं, कबुतरांसाठी लावलेले पुठ्ठे काढा, शक्य असेल तर जाळी लावून घ्या. खिडकीवर बाहेरून पत्र्याची छपरी टाकली तर पावसात पण उघडी ठेवता येते, ग्रामपंचायतीकडे नाहीतर माजी विद्यार्थ्यांकडे मागायला ही गोष्ट चांगली आहे, रंगरंगोटीपेक्षा जास्त उपयोगाची.

सिलिंग फॅन आतलीच हवा आत फिरवतो, बाहेरची आणत नाही, म्हणून खिडकी बंद आणि फॅन फुल याला खेळती हवा म्हणत नाहीत. एखादा टेबल फॅन असेल तर तो खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, आतली हवा बाहेर फेकतो. एसी वर्ग असतील तर मधल्या सुट्टीत सगळं उघडून ठेवा, आणि जमेल तेव्हा तासभर तरी एसी बंदच. खूप दाटीचा वर्ग असेल तर कोरडा दिवस बघून एखादा तास झाडाखाली, ओट्यावर, मुलांना तेही आवडतं.

रिक्षा आणि व्हॅनचं कुणी बोलतच नाही. पावसात रिक्षाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे, आत आठ मुलं एकमेकांच्या मांडीवर. काकांना सांगा की पाऊस थांबला की पडदे वर, व्हॅनची एक तरी काच चार बोटं खाली, आणि खोकणाऱ्या मुलाला खिडकीजवळ बसवा. संख्या कमी करा हे तर सांगायला हवंच, पण ते भाड्यावर येतं आणि पालकच तयार होत नाहीत.

पायरी ५: हात, नाक, रुमाल

हात धुण्याचं सगळ्यांना पाठ आहे, १५ ऑक्टोबरला हातधुवा दिन पण साजरा होतो, फोटो निघतात. अडचण ही की १६ ऑक्टोबरला नळावर साबण नसतो. साबण ठेवला की चोरीला जातो किंवा पाण्यात पडून विरघळतो, यावर जुना उपाय म्हणजे साबणाची वडी जुन्या मोज्यात नाहीतर कांद्याच्या जाळीत घालून नळाला दोरीने बांधायची, जात पण नाही आणि फेस पण चांगला येतो. नळ कमी असतील तर पाईपला भोकं पाडून पाच-सहा तोट्या काढून घ्या, किंवा प्लास्टिकच्या कॅनला पायाने ओढायची दोरी लावून टिपी-टॅप करा, शंभर-दोनशे रुपयांत होतो आणि हात लावावाच लागत नाही.

२० सेकंद चोळायचे, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. घड्याळ कोण बघणार, त्यापेक्षा दहाचा पाढा दोनदा म्हणायला लावा सावकाश. कधी धुवायचे तर शाळेत आल्यावर, खाण्याआधी, शौचालयानंतर, आणि नाक शिंकरल्यावर. जेवणाआधी सगळी शाळा एकदम नळावर सोडली तर तिथेच धक्काबुक्की आणि गर्दी होते, म्हणून वर्गावर्गाने पाच मिनिटांच्या फरकाने सोडा. सॅनिटायझर वापरायचं तर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं, आणि मातीने किंवा जेवणाने बरबटलेल्या हाताला ते काम करत नाही. बालवाडीत बाटली मुलांच्या हातात द्यायची नाही.

खोकला आला तर तळहातात नाही, कोपराच्या आतल्या खळीत. परिपाठात रोज एक मिनिट करून घ्या, आठवड्याभरात मुलं एकमेकांना टोकायला लागतात, शिक्षकांना पण टोकतात. रुमाल म्हणाल तर फ्रॉकला पिनने लावलेला तोच रुमाल नाकाला, तोच हाताला, तोच डब्याच्या झाकणाला, आणि तोच शेजारणीला उसना. दोन रुमाल पाठवायला सांगा, वेगवेगळ्या रंगांचे, एक नाकाचा, एक हाताचा, रोज धुतलेले. पावसाळ्यात वाळत नाहीत हे खरंय, मग जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे चालतात.

आणि दोन सवयी आपल्या मोठ्यांच्या. वह्या तपासताना बोटाला थुंकी लावून पान उलटणं, चाळीस वह्या चाळीस मुलांच्या, विचार करा. त्याला ओल्या स्पंजची डबी मिळते, बँकेत असते तशी. दुसरं, पाटी थुंकीने पुसणं, ही मुलांची सवय, प्रत्येकाला ओलं फडकं द्या, बास.

पायरी ६: साफसफाई, डबा, पाणी

यावर जास्त लिहीत नाही कारण फ्लूसाठी हे मधल्या नंबरचं आहे. रोज एकदा जिथे जास्त हात लागतात तिथे पुसायचं: दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, स्विच, जिन्याचा कठडा, कॉम्प्युटर लॅबमधले कीबोर्ड-माऊस (स्विच आणि कीबोर्ड बंद करून, नुसत्या ओलसर फडक्याने). एरवी साबणाचं पाणी पुरतं. साथ चालू असेल तर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिली घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर करा, ते कड्या-नळांना दहा मिनिटं राहू द्या आणि मग पुसा. रोज ताजं करा. ते टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिडमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. वर्गभर धूर आणि फवारणी करायची काही गरज नाही, तो पैसा साबणाला वापरा.

डबा वाटून खाणं बंद करा असं मी म्हणणार नाही, शाळेतली निम्मी मजा तीच आहे. फक्त हात धुऊन, डब्याच्या झाकणात वेगळं वाढून द्यायचं, एकाच चमच्याने नाही आणि उष्टं नाही. पाण्याची बाटली मात्र ज्याची त्याची, तोंड लावून दुसऱ्याला द्यायची नाही. टाकीजवळ साखळीने बांधलेला एकच पेला असेल तर तो आजच काढा.

पायरी ७: आकडा वाढायला लागला तर

हजेरीपटाशेजारी एक साधी वही ठेवा, तारीख, इयत्ता, गैरहजर किती, त्यातले ताप-खोकल्याचे किती. वर्गशिक्षकाने सकाळी दोन मिनिटं द्यायची. एका वर्गात आठवड्यात तीन-चार मुलं ताप-खोकल्याने गेली तर मुख्याध्यापकांना सांगा, आणि अजून वाढत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा शहरात वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. कळवलं की शाळेची बदनामी होते ही भीती असते, पण साथ दुसऱ्याच कशाची निघाली, डेंगी किंवा अजून काही, तर ते वेळेवर त्यांनाच कळणार. काय करायचं कळत नसेल तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करून विचारता येतं.

त्या दिवसांत सगळी शाळा एका हॉलमध्ये बसवायचे कार्यक्रम पुढे ढकला, परिपाठ वर्गातच घ्या, दोन तुकड्या एकत्र बसवू नका, मुलांची जागा रोज बदलू नका. दमा वगैरे असलेल्या मुलांच्या घरी आता फोन करायचा, ती मे-जूनमधली यादी यासाठीच होती.

शाळा बंद करायची का? हा निर्णय प्रशासनाचा असतो आणि बहुतेक वेळा लागत नाही. शाळा बंद झाली की मुलं घरात थोडीच बसतात, गल्लीत, क्लासला, मॉलमध्ये एकत्र येतातच, म्हणून २००९ मध्ये शाळांबरोबर मल्टिप्लेक्स पण बंद करावे लागले. जिथे लागण आहे तेवढाच वर्ग दोन-तीन दिवस घरी ठेवणं जास्त सुटसुटीत, पण तेही आरोग्य खात्याला विचारून.

पायरी ८: घरी मूल आजारी असताना पालकांनी

आराम, पाणी, पेज, वरणभात, जे जाईल ते. तापाला पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच. ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायची नाही, फ्लूमध्ये त्याने रेज सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. पावसाळ्यात डेंगी पण फिरत असतो, त्यामुळे डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन पण नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लू व्हायरसने होतो, अँटिबायोटिकने तो जात नाही, मागच्या वेळची उरलेली बाटली काढून देऊ नका. टॅमिफ्लू (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) सगळ्यांना लागत नाही, पण जोखमीच्या मुलाला ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त फायदा होतो, म्हणून दमेकरी मूल असेल तर 'बघू दोन दिवस' करू नका.

खोकल्याची औषधं मेडिकलमधून मनाने आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे भेसळीच्या कफ सिरपने मुलं दगावली, त्यातली कितीतरी उपचाराला नागपूरला आणली होती. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तर एरवी पण असली सिरपं द्यायला नको असंच तज्ज्ञ सांगतात. एक वर्षाच्या वर असेल तर चमचाभर मध चालतो. वाफ देताना उकळत्या पातेल्यावर मूल वाकवू नका, भाजल्याच्या केसेस होतात. कापूर-वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधली म्हणून फ्लू थांबत नाही, आणि कापूर मुलाच्या तोंडात गेला तर फिट येऊ शकते.

पुढचं काही दिसलं तर रात्र-दिवस बघायचं नाही, हॉस्पिटल किंवा १०८: श्वास भराभर चालतोय (मूल शांत असताना मिनिटभर मोजा, १ ते ५ वर्षांना ४० च्या वर, त्याहून मोठ्यांना ३० च्या वर), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ-नखं निळसर, पाणी पीत नाही, आठ तास लघवी नाही, उठवलं तरी नीट जागं होत नाही, फिट आली, पाय दुखतात म्हणून चालतच नाही. आणि एक हमखास चुकतं ते म्हणजे ताप उतरला, मूल खेळायला लागलं, आणि परत दोन दिवसांनी जास्त ताप आणि खोकला, हे न्यूमोनियाचं असू शकतं, 'परत गारठा लागला असेल' म्हणून सोडू नका.

घरात तान्हं बाळ असेल, सहा महिन्यांच्या आतलं, त्याला लस देता येत नाही, त्याला आजारी भावंडापासून शक्यतो लांब झोपवा. आजी-आजोबांचं पण तेच, मुलाला सांभाळायला घरात दुसरं कुणी असेल तर त्यांनी ते दोन-चार दिवस करावं.

जानेवारी विसरू नका

ऑक्टोबरमध्ये सहामाही झाली की वही कपाटात जाते, मोजे नळावरून गायब होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिसला शंभर मुलं एका बंद हॉलमध्ये दोन-दोन तास नाचतात, मेकअपचा एकच ब्रश सगळ्यांच्या तोंडाला, हेडसेटचा एकच माइक. प्रॅक्टिस मैदानात घ्या, थंडी आहे म्हणून दारं लावू नका, ब्रशऐवजी कापसाचे बोळे वापरा. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वही परत काढा, साबण परत बांधा, आणि तोच मेसेज ग्रुपवर परत टाका, फेब्रुवारीत चाचण्या आणि मार्चमध्ये दहावीचा पेपर असलेल्या घरांत तो जास्त वाचला जातो.